परत करून बघते

समोर बसलेल्या सगळ्या डॉक्टरांना, मॅडमच्या आईला अन् माझ्यासारख्या पेशंटच्या घरच्यांना जय भीम. मला माईकवर बोलायची सवय नाय. अन् खरं सांगू का, आज उभं राहायची ताकद पण नाय. मधीच थांबले तर सांभाळून घ्या.

मी सुनंदा. गंगापूरची. माझी लेक प्राची ह्याच दवाखान्यात वरच्या वॉर्डात आहे. रक्ताचा कॅन्सर. बरा झाला म्हणले, उलटला. परत बरा झाला म्हणले, परत उलटला. ज्या शैलजा मॅडमच्या फोटोला आपण आत्ता हार घातला, त्या तिच्यासाठी औषध शोधत होत्या. शनिवारी छावणीतल्या घरी त्यांचं हृदय बंद पडलं. सगळ्यांचं दुखणं बघणाऱ्या बाईनं आपली छाती दुखती हे कुणाला सांगितलं नाय. असं करतं का कुणी, मॅडम?

लोकहो, मॅडमची एक रीत होती. पेशंटच्या घरच्यांना त्या लॅबमध्ये न्यायच्या, मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगायच्या. म्हणायच्या, "वैरी कसा दिसतो ते बघून घ्या." मी बघितलं. जांभळे जांभळे गोल. मी म्हणलं, "मॅडम, हे तर लई गोमटे दिसतात वो!" त्या इतक्या हसल्या! म्हणल्या, "व्हय ताई, दिसायला गोमटेच. गुण बघा की त्यांचे." लेक आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा हसले, ते त्या खोलीत.

प्राचीच्या कमरेच्या हाडातून सँपल काढलं होतं. त्यातल्या कॅन्सरच्या पेशी मॅडम वेगवेगळ्या औषधांत ठेवायच्या अन् कशात मरतात ते बघायच्या. मी रोज विचारायचे, काय झालं? त्या म्हणायच्या, "बघतेय." बास. "बरी होईल" असं एकदा पण म्हणल्या नाहीत. मला लई राग यायचा. खोटं तरी बोला की, बाई!

शुक्रवारी जिन्यात भेटल्या. म्हणल्या, "ताई, एका औषधात पेशी मेलेल्या दिसल्या." मी त्यांचा हातच धरला. म्हणलं, नाव सांगा. तर म्हणल्या, "एकदाच दिसलंय. परत करून बघते. सोमवारी सांगते." मागं एका बापाला त्यांनी एकदाच बघून सांगितलं होतं. त्यानं गल्लीभर पेढे वाटले. परत केलं, तर तसं आलंच नाय. तेव्हापासून मॅडम एकदा बघून कुणाला बोलत नव्हत्या.

सोमवार आला. मॅडम आल्या नाहीत.

ही आरेफा. मॅडमची विद्यार्थिनी. मागं रडत बसलीय बघा. तिला औषधाचं नाव माहीत आहे. मी तिच्या पाया पडले. म्हणलं, पोरी, सांग गं! ती माझ्या गळ्यात पडून रडली, पण नाव काय सांगितलं नाय. म्हणली, "काकू, एकदाच दिसलंय. चुकलं तर प्राचीचं अंग आता सोसणार नाही. मॅडम असत्या तर त्यांनी परतच केलं असतं." काय बोलावं हिला? अगदी मॅडमसारखीच!

मग कर की परत! तर लॅबला कुलूप. म्हणे, मॅडमच्या जागी माणूस नेमल्याशिवाय उघडायची नाय. सर, ह्या दवाखान्याचे मोठे साहेब तुम्ही, पुढंच बसलात, तुमच्याकडंच बघून बोलतेय. तुमचे नियम असतील, मी नाय म्हणत नाय. पण माझ्या लेकीचा जीव तोवर थांबंल का? सांगा ना! एवढे शिकलेले बसलात, कुणीतरी सांगा!

आत्ता इथं सगळे म्हणले, मॅडमचं काम अमर आहे. कुठं अमर आहे? कुलपात?

मॅडम, तुम्हाला हात जोडते. तुमच्यावर रागावलेय, अन् तुमच्याशिवाय मला कुणी नाय.

आता आपण उभं राहून दोन मिनिटं गप्प राहू. कुणीतरी ते पंखे बंद करा. ह्या भिंतीपलीकडं मॅडमची लॅब आहे. फ्रीजची घरघर ऐकू येईल. त्यात माझ्या प्राचीचं उरलेलं सँपल आहे. ते ऐका. अन् दोन मिनिटं झाली की, सर, घरी जायच्या आधी आरेफाच्या हातात चावी द्या.