रेडिएटरमधली हवा

आमच्या सुमननं, म्हणजे माझ्या बहिणीनं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं अन् ती इंग्लंडला गेली. तेव्हापासून दादा, आमचे वडील, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला. मी स्पीकर लावला. आवाज रडवेला होता. "बर्फ पडायलाय अन् खोलीतला रेडिएटर तापंना. गरम पाण्यावर चालतो तो. दुरुस्तीवाला उद्या येणार. हे कामावर गेलेत, लेकरू गारठायलंय."

दादा बाजेवर पाठ फिरवून बसलेले. मलाच म्हणाले, "इचार तिला, खालून गरम अन् वरून गार हाय का?"

"हाय," सुमन म्हणाली.

"मंग हवा धरली. आपल्या शेतातल्या पाइपलाइनीत धरती तशी. वरच्या कोपऱ्यात बारका स्क्रू असंल. सगळं बंद करून गार होऊ दे म्हणावं, मंग ढिला कर."

जरा वेळानं सुमन म्हणाली, "मला भ्या वाटायलंय. फुटलं तर?"

दादांनी माझ्या हातातून फोनच घेतला. "काई फुटत न्हाई, सुमे. खाली फडकं धर. हळू फिरव."

सूं करून हवा निघालेली आम्हालाही ऐकू आली. "पाणी आलं का? बस्स, आवळ. आता चालू कर."

दादांनी फोन काही सोडला नाही. शेवटी ती म्हणाली, "दादा, वरपर्यंत तापलं."

"ठेवू का?" सुमननं विचारलं. "तुमाला जेवायचं असंल."

आई वाढलेलं ताट घेऊन दारात उभी होती.

दादा म्हणाले, "झालंय माझं जेवण. बोल तू."