कोंबडीचं पान

शुभांगी : पाय! आधी पाय! मळ्यातला सगळा चिखल घेऊन थेट खोलीत कुठे चाललीस?

रोशनी : माझं पुस्तक घ्यायला. ते तुमच्या खोक्यात गेलंय, वहिनी. उद्या टेम्पो भरला की गेलं चांदवडला!

शुभांगी : खोक्याला हात लावायचा नाही. सकाळपासून एकटी दोऱ्या आवळतेय मी.

रोशनी : बाकी सगळं न्या. कासवाचं पुस्तक माझं आहे. वक्तृत्वात पहिली आले, त्या बक्षिसातून मीच आणलंय. अख्ख्या शाळेसमोर, माईकवर, एकदाही न अडखळता...

शुभांगी : ऐकलंय. मखमलाबादात ऐकायचं राहिलेलं कोणी नाही. फूलबाजारात गिऱ्हाइकाला शेवंती मोजून देतानासुद्धा तुझ्या आई तेच सांगतात.

रोशनी : मग द्या ना.

शुभांगी : आणलंस कोणासाठी?

रोशनी : राजसाठी.

शुभांगी : मग राज जिथे, पुस्तक तिथे. विषय संपला.

रोशनी : विषय कसा संपला? वाचते मी! मागच्या आठवड्यात तुम्ही खोली लावायला चांदवडला गेलात, तेव्हा नेलं होतं ना बरोबर? परत आलं तेव्हा मधलं पान फाटलेलं. एवढी काळजी घेता तुम्ही!

शुभांगी : मी नाही फाडलं. तुझ्या लाडक्याने भिंतीवर आपटलं.

रोशनी : राजने? काहीही! तो त्या पुस्तकाला उशीवर झोपवतो आणि स्वतः गादीवर झोपतो.

शुभांगी : आपटलं. मी वाचत होते म्हणून. ‘तसं नाही, तसं नाही’ म्हणत असा भोकाड पसरला, की घरमालकीण दारात येऊन उभी राहिली. आणि तिच्या तोंडावर म्हणतो कसा, ‘माझ्या आईला वाचता येत नाही.’ हसतेस?

रोशनी : नाही. म्हणजे... थोडंसं.

शुभांगी : हस. बीए आहे मी, रोशनीताई. देवळ्याहून रोज एसटीने जाऊन केलंय. आणि माझं पोर परक्या बाईला सांगतं, आईला वाचता येत नाही.

रोशनी : मग नीट वाचायचं ना!

शुभांगी : काना-मात्रा न सोडता वाचलं! छापलंय ते सगळं! ‘कासव नवीन घराच्या शोधात निघाले. ते नदीकाठी आले.’ चुकलं यात काही?

रोशनी : चुकलं नाही. पण असं वाचलं तर मीपण भिंतीवर आपटेन.

शुभांगी : मग तू काय वाचतेस ते सांग. त्यासाठीच तर हे एक खोकं बांधायचं ठेवलंय. रात्री झोपत नाही पोर तिथे, तुला कळतंय का? तुझ्या किशोरदादाला पहाटे कांद्याच्या लिलावाला जायचं असतं, घर नवीन, शेजार नवीन. प्रत्येक पानावर काय म्हणतेस ते सांग. मी पाठ करीन.

रोशनी : पाठ करून येत नाही ते. आतून यावं लागतं.

शुभांगी : भाषण नको देऊ. माझं पोर माझ्यापासून तोडून वर आतून-बाहेरून शिकवतेस?

रोशनी : तोडलं? तुम्हाला वेळ होता का कधी? दुपारभर मळ्यात, संध्याकाळी कॅरेट भरायचे. मी नसते तर त्याला कासव म्हणजे काय हेही कळलं नसतं!

शुभांगी : मळ्यात कोणाची शेवंती तोडत होते मी? माझ्या माहेरची? तुमची. माझे हात तुमच्या फुलांत होते, म्हणून तू मांडीवर पोर घेऊन बसलीस. तुझी आई तुला ‘रोशनी, खुडायला चल’ म्हणाली एकदा तरी?

रोशनी : माझं दहावीचं वर्ष आहे.

शुभांगी : दहावीचं वर्ष आणि कासवाचं पुस्तक. बरं. हे घे. वाच माझ्यासमोर.

रोशनी : आत्ता? आता मूड नाही.

शुभांगी : माईकवर बरा असतो मूड.

रोशनी : ठीक आहे! ऐका. हे पहिलं पान. कासव ट्रंक घेऊन रविवार कारंजावर उभं आहे. ‘ओ रिक्षावाले! पंचवटीला येता का?’ हा बेडूक रिक्षावाला. ‘येतो की, पण मीटर बंद आहे! आणि पाठीवर घर घेऊन बसणार असाल तर दोन सीटचे पैसे!’

शुभांगी : इथे रिक्षा कुठेय? चित्रात बैलगाडी आहे.

रोशनी : राज म्हणतो रिक्षा आहे, तर रिक्षा आहे. पुढे. नदी. ‘बाई गं, केवढं पाणी! माझी ट्रंक भिजली तर माझी इस्त्रीची चड्डी...’ इथे तो पोट धरून हसतो. दर वेळी! आणि मग ही खारूताई, ही झोपलेली म्हैस, आणि घर सापडलं. संपलं.

शुभांगी : पानं एकदम उलटलीस.

रोशनी : नाही तर.

शुभांगी : हे फाटलेलं. चिकटपट्टी मीच लावली त्याला. घरमालकीण कोंबडी, कमरेला चाव्या. ‘कोंबडीने दार उघडून विचारले, आपण कोण?’ इथेच तो रडायला लागला होता. इथे तू काय म्हणतेस?

रोशनी : विशेष काही नाही. तेच, आपण कोण वगैरे.

शुभांगी : रोशनी.

रोशनी : विसरले मी! दर वेळी वेगळं म्हणते.

(आतल्या खोलीतून राज डोळे चोळत येतो.)

राज : आत्तू, चाव्यावाली कोंबडी कर.

रोशनी : झोप ना तू अजून थोडा. कोंबडी आज गावाला गेलीय.

राज : ही काय इथेच आहे! मी करतो. असे कमरेवर हात. ‘कोन शे रे तठे? पाय धोईसन ये!’

शुभांगी : काय म्हणालास?

राज : ‘पाय धोईसन ये! चिखल कोन काढी?’ आत्तू अजून मान हलवते. अशी अशी.

शुभांगी : हे माझ्या माहेरचं बोलणं आहे.

रोशनी : वहिनी, ते सहज...

शुभांगी : मायशी फोनवर बोलते तेव्हाचं. गच्चीवर जाऊन बोलते मी, हळू आवाजात. तुझ्या आईंनीच सांगितलंय, पोरासमोर अहिराणी नको, शाळेत हसतील त्याला. तीन वर्षं जीभ आवरून धरलीय मी त्याच्यापुढे. आणि तू जिन्यात उभं राहून ऐकत होतीस?

रोशनी : अभ्यासाला बसते मी जिन्यात. कानावर पडायचं. गंमत म्हणून केलं.

शुभांगी : कोणाकोणासमोर केलीस गंमत?

रोशनी : राजसमोर.

शुभांगी : आणि?

रोशनी : माझ्या मैत्रिणी, सविता आणि आशा, आल्या होत्या दिवाळीत, तेव्हा.

शुभांगी : हसल्या?

रोशनी : ...हो.

शुभांगी : खूप?

रोशनी : आशाच्या डोळ्यांतून पाणी आलं. परत कर, परत कर म्हणाल्या. मी केलं.

शुभांगी : आणि हा? हा पण हसला?

रोशनी : नाही. राज नाही हसला कधी त्या पानाला. बाकीच्या पानांना हसतो. इथे आला की गप्प होतो आणि मांडीत सरकून बसतो. म्हणतो, परत. रिक्षा, नदी, म्हैस सगळं भराभर उलटतो आणि इथेच थांबतो. मला वाटायचं, माझी नक्कल जाम भारी होते म्हणून.

राज : आत्तू, म्हण ना.

रोशनी : मी नाही म्हणणार, राजा. माझी खोटी आहे. खरी कोंबडी आईला येते.

राज : आईला नाही येत. आई ‘आपण कोण’ म्हणते.

शुभांगी : ते पुस्तक ठेव इकडे.

रोशनी : वहिनी, सॉरी. खरंच...

शुभांगी : नको. सॉरी तू छानच म्हणशील, पहिलं बक्षीस आहे तुझं. पण माफबिफ काही केलेलं नाही मी. आशाच्या डोळ्यांतलं पाणी मी विसरणार नाही.

रोशनी : आणि पुस्तक?

शुभांगी : चांदवडला चाललंय. काही म्हणायचंय?

रोशनी : नाही. न्या.

शुभांगी : जा मग. पाय धू. बाहेरच्या नळावर.

राज : आई, तू कर ना कोंबडी.

शुभांगी : ये, बस. हं, असा. कासव दारात आलं. टक टक, टक टक. ...कोन शे रे तठे?

(राज तिच्या मांडीत सरकून बसतो.)

शुभांगी : बोल ना रे. कोन शे?

राज : मी शे. कासव.

शुभांगी : पाय धोयात का?

राज : धुतले.

शुभांगी : मंग ये घरमा.