बिनआवाजाचा पंखा

...नाही पण मी म्हणते, आवाज नक्की होता कुणाचा? माझा, की त्या डबड्याचा? आणि आता जिन्यात जो भेटेल तो माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवतो! वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य, स्वतः दिवसभर लोकांच्या दाढा घर्रर्र करून कोरतात, तेसुद्धा! बसा हो, टेका जरा. दहाला अजून वीस मिनिटं आहेत ना? मग होतं सांगून. दहाच्या आत व्हायला हवं बरं का. का, ते कळेलच.

तर तुम्हाला सांगते, ही भिंत. ही, कॅलेंडर लटकवलंय ती. भिंत कसली, पुठ्ठा उभा केलाय नुसता. पलीकडे ती राहते, वाचनवाली. तिला नाव आहे चांगलं, पण आम्ही वाचनवालीच म्हणतो, कारण तिचं काम ते. पुस्तकं मोठ्याने वाचायची, कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि कंपनीला पाठवायची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही ते कानांनी वाचतात. पुण्याचं काम! पस्तिशीची आहे, एकटीच. म्हणजे नवरा आहे, पण लांब, कामाला गेलेला. दोन वर्षं झाली. पुढच्या महिन्यात येतो म्हणतो, आणि तो पुढचा महिना काही येत नाही. मला काय करायचंय म्हणा! मी आपली काही बोलले नाही.

पण तो आवाज! सकाळी ती बटण दाबायची की इकडे माझ्या भिंतीत सुरू... घूंऽऽऽ. मग मध्येच खरर्र खट्. पुन्हा घूंऽऽऽ. आमचे हे म्हणायचे, "विमान उतरतंय का गं कुठे?" मी म्हटलं, विमान उतरतं तरी एकदाचं, हे दोन वर्षं घिरट्याच घालतंय! कॉम्प्युटर त्या नवऱ्याचाच. जाताना बजावून गेलेला, "आतल्या कशालाही हात लावायचा नाही." आणि ही इतकी सरळ की वरची धूळसुद्धा लांबूनच पुसायची. बघवायचं नाही मला. पण मी काही बोलले नाही.

आणि एक दिवस आली ना रडवेली होऊन. "काकू, दुसऱ्यांदा परत आलं हो पुस्तक!" कंपनीत म्हणे एक तपासनीस आहे, दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या वाचनातले खडे वेचतो. त्याने लिहिलं होतं, 'आवाज छान, उच्चार स्वच्छ, परंतु मागे सतत घरघर. तिसऱ्यांदा असे आल्यास पुढील काम देता येणार नाही.' परंतु! हा परंतु लिहिणारा माणूस मला कधी भेटला तर... जाऊ दे. आता बघा, हिचं घर चालतं त्या वाचनावर. तिकडून येतात ती फक्त आश्वासनं. हे काम गेलं की संपलंच ना? तीन दिवसांत पुस्तक पुन्हा वाचून द्यायचं, आणि मशीन तर विमानतळावर! मग मी गप्प बसणार? शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?

मी म्हटलं, "अगं, एवढंच ना? थांब." घरी आले, थंडीची जाड रजई काढली, आणि त्या डबड्याला अशी गुंडाळली, अशी गुंडाळली, की बाळंतिणीला काय गुंडाळतील! आणि काय सांगू, आवाज गेला! ती वाचायला बसली, मी दाराशी स्टुलावर बसले, एकदम ऐटीत. दहा पानं झाली, वीस झाली... मग आतून ऊंऽऽऽ. मग हूंऽऽऽ. मग असा आवाज, असा आवाज, की रजईसकट उडतंय की काय! आणि मग खाट्कन सगळं काळं. चाळीस पानं वाचलेली, गेली. रजईला हात लावला तर नुकतीच इस्त्री फिरवल्यासारखी कढत.

ती एवढंच म्हणाली, "असू दे काकू, तुम्ही मायेने केलंत." ही असली माणसं! दोन शब्द सुनावले असते तर मलाही बरं वाटलं असतं. मी खाली मान घालून रजई घेऊन घरी आले. काहीसुद्धा बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मीच तिला ओढत दुकानात नेलं. दुकान म्हणजे काय, बोळच, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, आणि मध्ये दुकानदार, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि शोधत होता चष्माच. रजईचं ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कुणाचा गळा दाबून आलेय! "बाई, तुमचं मशीन ओरडत नाहीये, ते धापा टाकतंय. त्याला तुम्ही रजई घातलीत?" मी म्हटलं, अहो, आमच्या माहेरी सगळ्यांना घालतात.

मग त्याने समजावलं. लहान पंखा असला की त्याला जिवाच्या आकांताने पळावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा घ्या, तो सावकाश फिरतो, वारा तेवढाच. मी म्हटलं, आमच्याकडे एक आहेत मोठे आणि सावकाश फिरणारे, वारा मात्र काडीचा नाही. हसला नाही. रुक्ष माणूस. एक मोठा पंखा उचलला, तारेला जोडला, माझ्या कानाशी धरला.

"येतंय ऐकू?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

"आता तरी?"

"अहो, नाही म्हणते ना!"

"आता बंदच केलाय," म्हणाला.

म्हणजे चालू आणि बंद यात फरकच नाही! मी म्हटलं, हाच द्या, आणि असाच माणसांसाठी निघाला की कळवा. मग ते खरर्र खट्. ते म्हणे आत सगळं साठवतात त्या फिरत्या चकतीचं, हार्ड डिस्कचं. तिच्या जागी बिनचकतीची, न फिरणारी घ्यायची. पंख्याला स्क्रू लावायचे नाहीत, रबराच्या खुंट्या लावायच्या, म्हणजे पत्र्याला थरथर लागत नाही. आणि डबडं टेबलावर नको, खाली जाड रबरावर ठेवायचं. सगळं पिशवीत भरता भरता तो म्हणाला, आणि हे मला आता आठवतं, तेव्हा या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडलं... म्हणाला, "एक सांगून ठेवतो. मशीन गप्प झालं की घरातले बाकीचे आवाज बाहेर येतात. गिऱ्हाइकं परत येतात माझ्याकडे, भिंतीवरचं घड्याळ वाजतं म्हणून, नळ ठिबकतो म्हणून. तेव्हा मला बोल लावायचा नाही." मी म्हटलं, "छे हो, आमच्याकडे कसले आवाज! शांत जागा आहे अगदी."

शांत जागा! ही माझी जीभ बघा.

आणि तुम्हाला सांगते, ते डबडं उघडलं आम्ही दोघींनीच. जमिनीवर चादर पसरली, मी वाटीत स्क्रू घेऊन बसले, तिने झाकण धरलं आणि हात थांबला ना तिचा. म्हणाली, "त्यांनी सांगितलंय हात लावू नकोस." मी म्हटलं, "कोण बघतंय? उघड." उघडलं. बाई गं! धूळ नव्हे, नुसती गोधडी! पंख्याच्या पात्यांना धुळीच्या दाढ्या आलेल्या! ब्रशने काढून काढून दोघी शिंकून बेजार. मग ती काय कामाला लागली! दुकानदाराच्या चिठ्ठीबरहुकूम, पंख्यावरचा बाण बघून, वारा आत घेणारा कोणता, बाहेर टाकणारा कोणता, रबराच्या खुंट्या पकडीने ओढून... दोन वर्षांत मी तिला अशी बाह्या सरसावून बसलेली बघितली नव्हती. शेवटी एक स्क्रू उरला. तो कुठला, ते दोघींनाही कळलं नाही. तो अजून माझ्या बटणांच्या डबीत आहे.

बटण दाबलं. काहीच नाही. मी म्हटलं, संपलं, मेलं! ती म्हणाली, "काकू, दिवा बघा." दिवा लागलेला! हात लावला तर आत वारा फिरतोय, आणि आवाज? एवढासाही नाही! तिने मला अशी घट्ट मिठी मारली की वाटीतले जुने स्क्रू घरभर. मी डोळे पुसले. धुळीने हो, धुळीने.

आणि मग दुसरा दिवस. शेवटचा. संध्याकाळी पाचच्या आत पुस्तक जायला हवं. बाकीची पानं आधीच्या दुपारी झाली होती, शेवटची तेवढी राहिलेली. दहा ते एक ती वाचत होती. मी मुद्दाम भिंतीशी खुर्ची घेऊन बसले, ऐकायला. घूं नाही, खट् नाही. मी समाधानाने भाजी निवडायला घेतली, आणि अकराला नेहमीसारखा माझ्या ताईला फोन लावला.

आता ताई माझी कानाने जड. तिच्याशी बोलायचं म्हणजे बोलायचं नसतं, पुकारायचं असतं. आणि रोजचाच फोन तो! दोन वर्षं भिंतीपलीकडे विमान होतं, कोण ऐकतंय?

दोनला दार वाजलं. ती. म्हणाली, "काकू, जरा येता?" मला वाटलं पेढे... आपलं, काही गोडधोड देतेय. गेले. खुर्चीवर बसवलं, हेडफोन घातला माझ्या कानात, आणि लावलं. तिचा आवाज, काय गोड, काय स्वच्छ! 'देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे. तो श्वास घेण्यासाठी...' आणि मागून, लांबून, पण एक एक अक्षर सुटं, "अगं ताई, तो कसला परत येतोय!"

माझा आवाज.

'...पाण्याच्या पृष्ठभागावर येतो.' "तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय म्हणतात! बिऱ्हाऽऽड!" 'देवमाशाची मादी आपल्या पिल्लाला...' "सगळ्या जिन्याला ठाऊक आहे गं, हिलाच तेवढं नाही! बिचारी! बसलीय वाट बघत!"

मी हेडफोन काढला. नाही, काढला नाही, काढायला हात उचलला आणि तो उचललेलाच राहिला. तिच्याकडे बघवेना. त्या मशीनकडे बघत बसले. मेलं ते तरी थोडं घुरघुरलं असतं! एवढीशी घरघर केली असती त्या क्षणी, तर त्याच्या आड तोंड लपवलं असतं मी. पण नाही. मीच बसवलेला पंखा. चालू की बंद, कळतच नाही.

ती म्हणाली... अगदी शांतपणे म्हणाली हो, "मला ठाऊक होतं, काकू. सगळ्या जिन्याला ठाऊक आहे, हे ठाऊक नव्हतं."

आणि लगेच घड्याळाकडे बघून म्हणाली, "पाचच्या आत ही पानं पुन्हा वाचावी लागतील. गप्प राहाल?"

राहिले. दोन ते पाच. फोन बंद, टीव्ही बंद, कुकर लावला नाही. आमचे हे माझ्या कपाळाला हात लावून बघून गेले, ताप आहे का म्हणून. खोकला आला तर तोंडात पदर कोंबला. तिकडे ताईला वाटलं मला काही झालंच, तिने जिन्यातल्या चार घरी फोन केले, म्हणून तर मला गप्प बसवलंय हे सगळ्यांना कळलं ना! पाचला पाच मिनिटं असताना पुस्तक गेलं. तिसऱ्या दिवशी तपासनिसाचं पत्र. 'उत्तम. मागे कसलाही आवाज नाही.' पुढची चार पुस्तकं दिली तिला. चार! म्हणजे काम राहिलं, घर राहिलं. सगळं झालं की नाही ठीक?

हो, झालं. आता दहाला ती भिंतीवर दोनदा टकटक करते, की मी बंद. एकला तीनदा, की मी चालू. बिघाड नाही, तक्रार नाही. जिन्यात भेटली की हसते, "काकू, बऱ्या आहात ना?" विचारते. पण चहाला येत नाही. तो खिळा बघा, दाराशेजारचा. तिच्या घराची दुसरी किल्ली असायची तिथे, कधी अडली नडली तर म्हणून माझ्याकडे. त्याच आठवड्यात आली, म्हणाली, "किल्ली जरा हवी होती, काकू." दिली. सतरा दिवस झाले. 'जरा' अजून संपलं नाही. आणि पूर्वी ते घूं ऐकू आलं की कळायचं तरी, उठली, बसली, आहे घरात. आता या भिंतीला कान लावला तरी... म्हणजे लावत नाही मी. सहज गेला तर.

माफी मागायचीय हो मला. खरंच मागायचीय. रोज सकाळी शब्द जुळवते, साडी नीट करते, उंबऱ्यापर्यंत जाते. आणि एवढी वर्षं नको तिथे नको ते बोलले, तोंड कधी अडलं नाही, आणि हे दोन शब्द म्हटलं की घशात नुसती खरर्र खट्! मग घड्याळ बघते, तर दहाला दोन मिनिटं. म्हणते एकनंतर जाऊ. एकनंतर ती दमलेली असते. आज मात्र ठरवलंय. तुम्हाला म्हणूनच बसवून घेतलं, म्हटलं आधी कुणालातरी सांगून बघू, जमतंय का. जमलं की नाही? म्हणजे आता असंच उठायचं, जायचं, बेल नाही वाजवायची, हळूच कडी, आणि म्हणायचं, बाई गं, माझं चु...

...

ऐकलंत? दोन.

श्श. उठा आता हळूच. खुर्ची सरकवू नका, उचला. चपला बाहेर जाऊन घाला, आणि दार ओढून घ्या, आपटू नका. नाही, आज नाही गेले. उद्या. आणि जिन्यात कुणी विचारलंच ना, तर सांगा...

मी आपली काही बोलले नाही.