तांबड्यावर थांबव

बिरागो : बास झालं. काढ बाहेर. तांबडं झालंय.

पोकुआ : मावशी, या भट्टीपाशी माझे केस पिकले, आणि कापड कधी काढायचं ते तुम्ही मला शिकवताय? हे कसलं तांबडं? चिखलात लोळलेल्या बकरीसारखं दिसतंय. अजून मातीसारखंच आहे.

बिरागो : मातीचा रंग म्हणजे तांबडंच. आपल्या बोलीत त्याला दुसरा शब्द आहे का?

पोकुआ : नाही खरा. पिकलं केळं तांबडं, पामतेल तांबडं, रस्त्यावरची धूळ तांबडी, उजळ कातडीचं माणूसही तांबडं. एका शब्दाला किती कामाला जुंपायचं ते! माझी सून कुमासी शहरातली. तिच्याकडं नखं रंगवायच्या बाटल्या आहेत. एकेका तांबड्याला वेगळं नाव, सगळी इंग्रजी. मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.

बिरागो : तुझ्या सुनेची नखं राहू दे बाजूला. मला शनिवारी नेसायचंय हे.

पोकुआ : मग बाजारातून गिरणीचं कापड का नाही आणलंत? चांगलं भडक मिळतं, अर्ध्या न्टोन्सो गावातून दिसेल असं. हा झाडाच्या सालीचा काढा आहे. आधी तांबूस, मग काळपट, मग काळं. लोक माझ्याकडं काळं करून घ्यायला येतात. मधेच थांबव म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

बिरागो : हे ड्वोमोनं दिलेलं कापड आहे. सेर्वाला आणि मला एकाच ठाणातून फाडून दिलं होतं. दोघी बायका भांडायला नकोत म्हणून.

पोकुआ : आणि भांडला नाहीत?

बिरागो : भांडलो की. तिचा तुकडा बोटभर लांब होता.

पोकुआ : धन्य आहे! मावशी, रागावू नका, पण एक विचारते. मयताला तांबडं रक्ताच्या माणसांनी नेसायचं, आम्ही बाकीच्यांनी काळं. तुम्ही सेर्वाची सवत. सवतीच्या मयताला तांबडं नेसलेली बाई मी तरी पाहिली नाही.

बिरागो : मग शनिवारी बघ.

पोकुआ : शनिवारपर्यंत थांबायला नको. ती बघा कोण येतेय. सेर्वाची लेक फ्रेमा. चालण्यावरूनच कळतंय, गप्पा मारायला आलेली नाही.

(फ्रेमा अंगणात येते. पोकुआ स्टूल पुढं सरकवते, पण ती उभीच राहते.)

फ्रेमा : पोकुआताई, हे कापड यांचंच ना?

पोकुआ : आधी पाणी पी. कुमासीहून उन्हातून आलीस.

फ्रेमा : पाणी नको. धाकट्या आई, मला मामांनी पाठवलंय. तुम्ही तांबडं रंगवून घेताय हे गावभर झालंय. मामा म्हणतात, काळं नेसा. पाहुण्यांत पुढच्या रांगेत तुमची खुर्ची ठेवू, जेवणाचं पहिलं ताट तुम्हाला देऊ. मान राखू तुमचा.

बिरागो : खुर्ची तुझ्या मामालाच दे. त्याचे गुडघे दुखतात.

फ्रेमा : थट्टा करू नका. माझी आई गेलीय.

बिरागो : माहीत आहे मला. कोण गेलं ते मला सांगू नकोस.

फ्रेमा : मग मीच आठवण करून देते. तिनं केलेलं शेंगदाण्याचं कालवण तुम्ही शेजारच्या बकरीपुढं ओतलं होतं. सगळ्या वाड्यासमोर.

बिरागो : बकरीनंही खाल्लं नाही ते.

पोकुआ : मावशी!

फ्रेमा : भर बाजारात तुम्ही ओरडलात, सेर्वाच्या पामतेलात पाणी आहे म्हणून. त्या दिवशी तिचं एक मापसुद्धा खपलं नाही. घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी लहान होते, पण विसरले नाही.

बिरागो : पाणी होतंच. पण ओरडायला नको होतं.

फ्रेमा : आणि आता तिच्याच मयताला तुम्ही आमच्यात बसणार, रक्ताच्या माणसांत? लोक काय म्हणतील? मेल्यावरही सवतीनं पाठ सोडली नाही म्हणतील. तुम्हाला गाव काय म्हणायचं ते विसरलात?

बिरागो : तांबड्या डोळ्यांची. विसरेन कशी? नदीवर पाण्याला गेले की पोरं मागून ओरडायची. आणि तुझ्या आईला काय म्हणायचे?

फ्रेमा : तांबडी. सेर्वा तांबडी.

बिरागो : ती उजळ होती ना, म्हणून कौतुकानं. मी काळी, आणि वर जळणारी, म्हणून तांबड्या डोळ्यांची. शब्द एकच. तिला शोभायचा, मला झोंबायचा. पोकुआ, तू एवढं कापड रंगवतेस, सांग, हा शब्द आला तरी कुठून?

पोकुआ : मला काय विचारता? माझी आजी म्हणायची, हा आधी पामच्या फळाचा शब्द. फळ पिकलं की तांबडं होतं, अजूनही पिकलं आणि तांबडं झालं हे आपण एकाच शब्दानं सांगतो. मग माणसांनी तो मिळेल तिथं फासला. पलीकडच्या घरातले एक म्हातारे म्हणायचे, छे, आधी रक्त, मग फळ. दोघं संध्याकाळी या ओट्यावर बसून त्यावरून तंडायची. तंटा मिटला नाही, दोघं गेली.

फ्रेमा : रक्तच असणार. म्हणून तर ही रीत आहे.

पोकुआ : असेल बाई. पण रडून डोळे होतात तेही तांबडेच.

फ्रेमा : यांचे झालेत? विचारा त्यांना, ताई. आईसाठी एक टिपूस तरी आला का?

बिरागो : नाही आला.

फ्रेमा : बघा!

बिरागो : येतच नाही. खोटं कशाला बोलू?

फ्रेमा : मग हवंय कशाला हे? आता म्हणू नका, आतून माया होती म्हणून. ते मी ऐकून घेणार नाही.

बिरागो : माया कसली? चीड होती. ड्वोमो गेल्यावर दोघी आपापल्या माहेरी परतलो, तर नशीब बघ, दोन्ही घरांची भिंत एकच. रोज उठलं की आधी भिंतीवरून बघायचे, तिच्या चुलीतून धूर निघाला का. माझ्याआधी निघाला की दिवस नासायचा. माझा आधी निघाला तर भांडी मुद्दाम आपटायचे, तिला कळावं म्हणून. मुलं पांगली, दात पडले, तरी हे चालूच. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी उठले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ. मग आठवलं. आज पुन्हा तेच. तेव्हापासून चूल पेटवलेली नाही मी. आता कुणाच्या आधी पेटवू?

पोकुआ : अगं बाई. म्हणजे इतके दिवस जेवलात काय?

बिरागो : शेजारीण देते काहीबाही. फ्रेमा, तू कुमासीत असतेस. तुझं दुःख मोठं आहे, मी कमी म्हणत नाही. पण तुझी चूल चालू आहे. काळं नेसून पाहुण्यांत बसले तर लोक म्हणतील, बिरागो आली, भात खाऊन गेली. तेवढीच का मी तिची? एवढंच विचारते. पुढं तू सांगशील तसं.

पोकुआ : बस गं फ्रेमा. किती वेळ उभी राहशील?

फ्रेमा : शेवटी शेवटी आईला उठवत नव्हतं. मी आले होते सुट्टी काढून. रोज पहाटे मला हाक मारायची. ऊठ, त्या काळीच्या घरातून धूर निघतोय का बघ. मला राग यायचा. एवढं दुखतंय हिला, आणि हिचं लक्ष कुठं! मी बघून सांगायचे, निघतोय. मग ती डोळे मिटून पडून राहायची. त्यानंतर कण्हायची नाही.

बिरागो : काळी म्हणायची?

फ्रेमा : नेहमीच.

बिरागो : तोंडावर कधी म्हणाली नाही. भित्री होती.

पोकुआ : मला तुमच्यात पडायचं नाही, पण कापड काढ्यातच आहे. आणखी थोडं राहिलं तर काळ्याकडं झुकेल, मग मी काय, कुणीच ते मागं आणू शकणार नाही. फ्रेमा, तुला अडचण वाटत असेल तर मामांना सांग की कापड मातीच्या रंगाचं आहे. तांबडं म्हणा नाहीतर म्हणू नका. बोलीत चालतं.

फ्रेमा : नाही. आडून काही सांगायचं नाही. त्या तांबडंच नेसणार आणि मीच नेसायला सांगितलं, असं सांगेन. मामा चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत. बघून घेईन मी. काढा ते बाहेर.

पोकुआ : काढते. सरका, थेंब उडतील. मावशी, धरा हे टोक. पिळू नका, नुसतं धरा.

बिरागो : धरलंय. फ्रेमा, तुझी तयारी झाली का शनिवारची?

फ्रेमा : कापड आणलंय. मयताला कपाळावर बांधायची पट्टीही आणलीय, पण मला ती बांधता येत नाही. बाबांच्या वेळी आईनं बांधली होती.

बिरागो : आणि आईला मी. मग तिनं मला बांधली. आवळली अशी की मी दिवसभर डोकं धरून बसले. बायांना वाटलं, काय रडतेय ही नवऱ्यासाठी!

पोकुआ : हसू नका मावशी, कापड सुटेल हातातून.

फ्रेमा : धाकट्या आई, मला बांधून दाखवशील? पिशवीतच आहे.

बिरागो : दे. बस या स्टुलावर. मान सरळ ठेव. केस आत घे. हं. घट्ट झाली का?

फ्रेमा : झाली.

बिरागो : सैल करू?

फ्रेमा : नको. राहू दे तशीच.