काट्याजवळ नुसतं उभं राहणं

मॅडमची मम्मी आलीय रे, काटा जरा झुकू दे, असं मिठाईवाले काका दुकानातल्या माणसाला हळूच म्हणाले, हळूच म्हणजे मला नीट ऐकू येईल इतकं हळूच. गेल्या रविवारची गोष्ट, बुऱ्हाणपूरची, आणि ती मॅडम म्हणजे मी. पण काय सांगू ताई तुम्हाला, त्या दुकानापर्यंत यायला मला आधी नेपानगरहून निघावं लागेल.

नेपानगरला बाबा कागद कारखान्याच्या वजनकाट्यावर होते. बांबूचे ट्रक यायचे, काट्यावर चढले की बाबा ड्रायव्हरला खाली उतरवायचे, क्लीनरला उतरवायचे, एकदा तर मागे बकरी बांधलेली होती तीही उतरवली. त्यांच्या हातालाच सवय लागून गेली, पिशवी नुसती उचलली की सांगतात, पावणेदोन किलो, आणि पावणेदोनच निघतं. आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळा इंग्लिश मिडियम, तीन भाषा आल्या आणि मी एकीतही बोलले नाही. रिपोर्ट कार्डवर दरवर्षी तेच, अभ्यासात चांगली, पण बोलत नाही.

मग परीक्षा दिली, नापतौल निरीक्षक झाले, तुमच्या महाराष्ट्रात वजनमापे म्हणतात ना, तेच. मुलाखतीत विचारलं, देशाच्या विकासात सरकारी माणसाच्या ईमानदारीचा रोल काय. मला इंग्लिशमध्ये दोन पानं पाठ होती, इंटेग्रिटी, नेशन बिल्डिंग, सगळं. तोंडातून एवढंच आलं, सर, बहुत है. ते हसले, पण घेतलं. बाबा म्हणाले, बरोबर बोललीस, याच्याहून जास्त काय बोलायचं. नोकरीत मी कुणाचा चहासुद्धा घेत नाही. कुणी पाकीट पुढे केलं की मी इतकी गप्प होते की तोच घाबरून ते परत खिशात घालतो. मला वाटायचं, झालं, हीच ईमानदारी.

बाबा रिटायर झाले, आईबाबा दोघं माझ्याकडे इथे बुऱ्हाणपूरला आले, आणि आईला माझ्या नोकरीचा उपयोग पहिल्याच आठवड्यात सापडला. मी भाजीबाजारात दिसले की गल्लीभरचे वजनाचे दगड पोत्याखाली जातात आणि लोखंडी वजनं बाहेर येतात. आईच्या पिशवीत किलोची वांगी सव्वा किलो, वर कोथिंबीर. मी म्हटलं, आई, हे बरं नाही. आई म्हणाली, तू मागितलंस का? मी मागितलं का? मग? तू काही बोलू नको, नुसतं उभं राहायचं. आणि नुसतं उभं राहणं तर मला जन्मापासून येतं. दर रविवारी आई मला छत्रीसारखी सोबत न्यायची, आणि मी मनात म्हणायची, आज सुट्टी आहे, आज मी निरीक्षक नाही.

बाबांना इथली मावा जिलेबी फार आवडते, ती जाड, काळपट, खव्याची. मागच्या महिन्यात मला सोबत नेऊन आईने आणली. बाबांनी डबा उचलला आणि तसाच हातात धरून थांबले. किती मागितली होतीस? आई म्हणाली, किलो. बाबा म्हणाले, ही किलोच्या वर आहे. डबा खाली ठेवला. ओरडले नाहीत, काही नाही, म्हणाले, नको, शुगर वाढलीय. ताई, बाबांना शुगर नाहीच आहे. तीन दिवस ती जिलेबी फ्रिजमध्ये होती, मी दार उघडलं की माझ्याकडे बघायची.

तर गेल्या रविवारी परत तेच दुकान. इलेक्ट्रॉनिक काटा, तो झुकणार कुठून, पण बोलायची पद्धत जुनीच. काकांनी आमचा रिकामा डबा ठेवून काटा आधी शून्य केला, मग जिलेबी भरली, किलो झाला, वर दोन ठेवल्या. आमच्यामागे एक बाई होत्या, साडीला कापसाचे तंतू चिकटलेले, म्हणजे लूमवरून, कापडाच्या मागावरून सरळ आलेल्या. मुलगी पास झाली म्हणून पाव किलो मागत होत्या. त्यांचा डबा मात्र जिलेबीसकटच काट्यावर गेला, जाड पुठ्ठा, वर झाकणही. शून्य वगैरे काही नाही, पुठ्ठाही जिलेबीच्याच भावात. आमच्या दोन जिलेब्या कुठून आल्या ते मला त्या झाकणात दिसलं.

मी म्हटलं, काका. कुणाला ऐकूच गेलं नाही, कढई तडतडत होती. आईने माझा हात दाबला, म्हणजे नुसतं उभं राहा. आई इतकी खूश होती हो. जन्मभर कॉलनीत काटेवाल्यांची बायको, आणि इथे बाजारभर मॅडमची मम्मी. तो आनंद मला मोडायचा होता, तोही पाच माणसांसमोर. काका हसून म्हणाले, मॅडमजी, और कुछ? आणि मी बोलले, इतक्या जोरात की भट्टीवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

काका, आधी ह्यांची जिलेबी डब्यातून काढून पुन्हा तोला. उद्या सकाळी मी काटा बघायला येणार आहे, एकटी. आणि आमच्यातल्या त्या दोन परत ठेवा, बरोबर किलो करा, आमच्या घरी बाबा हाताने तोलतात.