टाच बरी झाली म्हणून सांगा

— नाही हो डॉक्टर, नाही दुखत, चालू दे तुमचं. जोर वाढवा हवं तर. पालथी झोपलेय म्हणून माझं तोंड दिसत नाही तुम्हाला, ते बरंच आहे म्हणा. आणि आवाज मोठा वाटत असेल तर राग मानू नका — लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभी असते ना मी, हॉटेलांच्या चादरी, पाठीमागे धुण्याची मशिनं धडधडत असतात, ओरडल्याशिवाय शेजारणीलासुद्धा ऐकू जात नाही. सवयच जडलीय. पण टाचेवर ठोके देणाऱ्या तुमच्या या मशीनची टकटक काय कमी आहे? पडद्यापलीकडे माझी पोरगी बसलीय, तिला काही ऐकू जायचं नाही. म्हणून तर बोलतेय.

एक काम करा माझं. हे झालं की बाहेर जाऊन तिला सांगा, आईची टाच बरी झाली. एवढंच. बॅग घेऊनच आलीय ती, इथून परस्पर बस पकडायची आहे — नर्सिंगला नंबर लागलाय, होस्टेल मिळालंय, सगळं झालंय, आणि ही हट्टी कशी, तर म्हणे डॉक्टर स्वतः सांगतील तेव्हाच बसमध्ये चढेन. नाहीतर तुझ्या टेबलाशी मी उभी राहते, तू घरी बस. बोलली तसं करणारी आहे हो. माझ्यावरच गेलीय.

खोटं कसं सांगू म्हणता? बरं, मग ऐका. तुम्ही दर वेळी म्हणायचात, सगळ्यात जास्त दुखतं तिथं बोट ठेवा, ठोके नेमके तिथंच द्यायचेत, बधिर केलं तर जागा कळायची नाही — आणि मी बोट ठेवायची जरा कडेला. मुद्दाम. ठोके कडेला बसले की दात आवळून निभतं. नेमक्या जागी बसले असते तर किंचाळले असते मी, आणि ही पडदा ओढून आत आली असती, मग कसली बस न् कसलं नर्सिंग. आधी ते लेझर द्यायचात, तेव्हा कसं, गप पडून राहिलं की झालं. त्यानं गुण आला नाही हा भाग वेगळा. याचा तरी कुठून येणार, मीच येऊ दिला नाही. तुमची चूक नाही यात, मनाला लावून घेऊ नका.

सकाळी पहिलं पाऊल टेकवतच नाही मी. ती उठायच्या आत बाथरूमपर्यंत रांगत जाते, गुडघ्यांवर, मग नळाला धरून उभी राहते. ती डोळे चोळत येते तेव्हा मी चहा गाळत असते, वर तिलाच म्हणते, किती लोळतेस गं. हसू येतं माझं मलाच. म्हणजे हसू कसलं. ती गेल्यावर हळू रांगायचं तरी कारण नाही, दिवसभर रांगेन — पण मग मला त्या खोलीत एकटीला राहवणार नाही हो. तिचा बाप गेला तेव्हापासून एका अंथरुणात झोपतो आम्ही दोघी. एखाद्या दिवशी नळापाशी उठताच आलं नाही तर बघणार कोण? भीती वाटते मला. मनात येतं, सगळं सांगून टाकावं हिला, म्हणावं, नको जाऊस गं, मला सोडून नको जाऊस —

— मशीन कधी बंद झालं?

डॉक्टर, मशीन कधी बंद झालं?

तू आत कशाला आलीस? बाहेर बस. काही नाही, डॉक्टरांची गंमत करत होते मी. थांब, उतरते — हे बघ, टेकवली टाच. बघ ना. सरळ उभी आहे की नाही? पालथी झोपले होते म्हणून डोळे असे दिसतायत. डॉक्टर, सांगा ना तिला. टाच बरी झाली म्हणून.

चप्पल राहू दे, माझी मी घालते. खाली नको बसूस. आणि बॅग कुठाय तुझी? बाहेर का ठेवलीस? बस निघून जाईल. जा, उचल ती बॅग. उचल म्हणते ना.