चहा नाकारला आणि सोयरीक जमली

अहो, लेकाचं लग्न जमेपर्यंत चहाला शिवणार नाही, असा नवस मी देवीला बोलले होते. तिसगावला मुलगी पाहायला गेलो आणि तिथेच अडकले. चहा पुढे आला, मी हात जोडले. मुलीच्या वडिलांचा चेहराच पडला. आपल्याकडे चहा नाकारला म्हणजे मुलगी नाकारली!

"ताई, नकार हाय का?"

मी नवस सांगितला.

"मग जमलं म्हना अन् घ्या की!"

"आधी जमू तर द्या!"

"तुमी चहा घेतल्याबिगर जमलं कसं समजू?"

चहावर साय धरली. शेवटी मुलगीच उठली. घरापुढेच त्यांचं चहाचं हॉटेल. तिथल्या फ्रीजमधून तिने एनर्जी ड्रिंकचा गार कॅन आणला.

"मावशी, आता निम्मं गिऱ्हाईक चहा सोडून हेच मागतं. यात चहाचा थेंब न्हाई. घ्या."

अर्धा कॅन पोटात गेला आणि मी साखरपुडा, मुहूर्त, मानपान, सगळं एका दमात ठरवून टाकलं. आमचे हे म्हणाले, "अगं, पोरीला हो म्हणायला तरी उसंत दे!"

पोरगी हसून म्हणाली, "व्हय."

तुमच्या लेकासाठी तुम्हीही हाच नवस बोला, बाई. सून किती हुशार आहे, ते चहा नाकारल्यावरच कळतं.